काळीचा ठसका

दर हिवाळ्यात घरासमोरच्या रस्त्यावरून उसाने लादलेल्या ट्रॉल्या जायला लागल्या, की मी गॅलरीत खुर्ची टाकून बसते. शेजारणींना वाटतं, म्हातारीच्या हाडांना ऊन बरं वाटतं. वाटतंच; पण खरं म्हणजे मी कान देऊन बसलेली असते. समोरच्या चढावर ट्रॅक्टरवाला गिअर बदलतो, अर्धा क्षण इंजिन काहीच बोलत नाही, आणि मी श्वास धरून बसते. मग ते गुरगुरतं, ट्रॉली हलते, मी श्वास सोडते. एवढं आयुष्य सरलं, पण त्या अर्ध्या क्षणाची मला अजून सवय झालेली नाही.

हे दुखणं मला एका हंगामाने लावलं. सत्तरचं दशक नुकतं सुरू झालेलं, मोठा दुष्काळ अजून यायचा होता. नगर जिल्ह्यातल्या बेलापूरच्या अलीकडे, पाटाच्या कडेला आमची वस्ती. घराला लागून गुऱ्हाळ. पौषापासून फाल्गुनापर्यंत आमच्याकडे सकाळ उजाडायची ती ऑईल इंजिनाच्या ठकठकीने. चरकातून हिरवट रस पडायचा, काहिलीखाली चिपाडांचा जाळ लागायचा, आणि पाकाचा वास कपड्यांत, केसांत, अगदी उशीतसुद्धा शिरून बसायचा. लग्न होऊन आले तेव्हा पहिल्या हंगामात मला त्या वासाने मळमळायचं. नंतर तो नसला की घर रिकामं वाटायला लागलं. आजही कुठे गूळ शिजत असला तर मी रस्ता सोडून तिकडे जाते, आणि लोक मला हटकतात.

गुळाच्या घराला एक वेड असतं, ते म्हणजे गाळण्याचं. रस गाळून काहिलीत घालायचा, वर आलेली मळी काढायची, भेंडीचं पाणी टाकून उरलीसुरली घाण वर आणायची आणि तीही काढायची. एक काडी राहिली तरी ढेपेला बट्टा. माझे सासरे, म्हणजे मामंजी, या बाबतीत सोवळ्यातल्या माणसापेक्षा कडक. आमच्याकडे पाणी गाळलं जाई, दूध गाळलं जाई, आणि इंजिनाचं डिझेलसुद्धा फडक्यातून गाळूनच आत जाई, कारण पिंपाच्या तळाला गंज असतो. "गाळल्याबिगर काय पोटात जाता कामा न्हाई, मानसाच्या बी अन् इंजनाच्या बी," हे त्यांचं वाक्य. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणे. त्या पदराआड हसून म्हणत, "मला बी गाळूनच आनलीया ह्यांनी."

आणि आमच्याकडे मोटार होती. पाटबंधाऱ्याच्या एका साहेबाने बदली झाली तेव्हा विकून टाकलेली, काळी, गोल पाठीची, तेव्हाच बरीच जुनी. कंपनीचं नाव कोणी घेत नसे. गाईला म्हणावं तसं तिला सगळे 'काळी' म्हणत. दसऱ्याला चरक, नांगर आणि काळी अशा तिघांना हळदकुंकू. चालवायचे फक्त मामंजी. आमच्या ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, गुळाच्या पाकाची तार बोटावर अचूक कळायची, पण गाडीच्या चाकामागे बसवलं की घाम फुटायचा. मामंजी मात्र फेटा सारखा करून असे बसत, की जणू वरातच निघाली आहे.

त्या हंगामात काळीला ठसका लागला. जागेवर उभी असताना गुणी लेकरू. किल्ली फिरवली की सुरू, आवाज गोड, धूर नाही. सपाटीवर हळू चालली तरी तक्रार नाही. पण चढ आला, पुढच्या गाडीला मागे टाकायचं म्हणून पाय दाबला, की एक क्षण काहीच नाही. पाय खाली गेलेला, आणि गाडीला जणू ते कळलेलंच नाही. मग एक ठसका, एक झटका, आणि आली तर आली, नाहीतर जागच्या जागी मेली. थोडा वेळ झाकण उघडून, रागावून, घाम पुसून उभं राहावं, आणि पुन्हा किल्ली फिरवावी, तर काहीच झालं नव्हतं असं दाखवत निमूट चालू लागायची. मनुष्य असता तर मी त्याला ढोंगी म्हटलं असतं.

एरवी या सगळ्याचं हसू झालं असतं. झालं नाही, कारण मला दिवस गेले होते.

रीतीप्रमाणे माझं पहिलं बाळंतपण माहेरी, काष्टीला झालं होतं. मूल पोटात आडवं होतं. बैलगाडीतून मला दवाखान्याकडे निघायला उशीर झाला, की गाडी पोचायला उशीर झाला, कोण जाणे. मी वाचले, ते वाचलं नाही. त्यावर आमच्या घरात फार बोलणं झालं नाही. दुसऱ्यांदा दिवस राहिले तेव्हा मामंजींनी एवढंच ठरवून टाकलं, की हे बाळंतपण सासरी होणार, "आपल्याकडं गाडी हाय." नगरच्या डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि म्हणाल्या, हेही आडवंच आहे, शेवटच्या दिवसांत इथं येऊन राहा, आणि त्याआधी जरा जरी पोटात कळ आली तरी घड्याळ बघत बसू नका, निघा. पहिल्या खेपेला कळा वेळेच्या आधीच आल्या होत्या, हे त्यांना माहीत होतं. दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून प्यावं लागतं.

त्याच दिवशी नगरहून परत येताना नव्हे, तर जातानाच, विळदच्या घाटात काळी ठसकली होती. मामंजींनी पाय दाबला, तिने ऐकलं नाही, आणि ती मागे सरकायला लागली. मागे उसाची बैलगाडी. मामंजींनी ब्रेक दाबून धरला, त्यांच्या मानेवरची शीर मला मागून दिसत होती. आत्याबाईंनी माझ्या पोटावर हात ठेवला. त्या क्षणापासून काळीचा ठसका हा काही गाडीचा प्रश्न उरला नाही.

श्रीरामपूरहून रसूलभाई मिस्त्री आले. किडकिडीत, बोलके, कपाळावर नेहमी काजळीचं बोट. त्यांनी आवाज ऐकला आणि निदान केलं, "मिसिंग हाय. पलग गेलं." प्लग बदलले. थोडे दिवस बरे गेले, ठसका परत. "मग पॉइंट," म्हणाले. ते घासले, बदलले. ठसका परत. मग पेट्रोलचा पंप उघडला, मग वायरी नव्या घातल्या. कार्बोरेटर तर त्यांनी कितीदा खोलला असेल. सायकलच्या पंपाने हवा मारायची, फुंकायचं, बसवायचं. प्रत्येक वेळी काळी काही दिवस शहाण्यासारखी वागे, आणि आम्ही सगळे खूश होऊ लागलो की पुन्हा चाचरे. रसूलभाई कपाळाला हात लावून मामंजींना म्हणत, "अन्ना, ही गाडी न्हाई, ही माझी परीक्षा हाय. अन् मी नापास व्हतोय." त्यांचा हा मोकळेपणा मला आवडायचा.

आत्याबाईंनी आपल्या परीने उपाय केले. लिंबू-मिरच्या टांगल्या. एका शनिवारी शिंगणापूरला तेल वाहून आल्या, एस.टी.ने, कारण काळीवर भरवसा नाही. मामंजी म्हणाले, "देवाला तेल पचलं. आता हिला पेट्रोल पचू दे." मग पेट्रोलमध्येच भेसळ असेल असं कोणी सुचवलं, तेव्हा मामंजींनी स्वतः डबा घेऊन लांबच्या पंपावरून पेट्रोल आणायला सुरुवात केली. पहिल्यापासून गाळत तसंच हेही ते दर वेळी फडक्यातून गाळून टाकीत ओतत. माझे महिने भरत चालले तसा त्यांचा जीव अधिक टांगणीला लागला. फडक्याची दुहेरी घडी चौपदरी झाली. ओतताना त्यांचे ओठ हलायचे. जप करत असावेत.

मी दुपारी गाडीजवळच्या बाजेवर बसायची. जड अंगाने दुसरं काय करणार? पण बसून बसून मला त्या यंत्राची ओढ लागली. एकदा रसूलभाईंनी कार्बोरेटरमधून एक पितळी तुकडा काढला, करंगळीच्या पेराहून लहान, आणि माझ्या हातावर ठेवला. "वहिनी, आभाळाकडं धरून बघा." मी डोळ्याशी धरला. मधोमध एक भोक होतं, सुईच्या नेढ्याहूनही बारीक, आणि त्यातून आभाळाचा एक ठिपका दिसत होता. "काळी जेवढी ताकद लावती, समदी ह्यातून जाती," रसूलभाई म्हणाले. "थेंब थेंब पेट्रोल येतं, हवेत मिसळतं, धुकं व्हतं, अन् त्या धुक्यावर गाडी पळती."

माझ्या अंगावर काटा आला. तो आजही येतो. एवढी लोखंडाची गाडी, त्यात चार माणसं, वर गुळाच्या ढेपा, घाटाचा चढ, आणि हे सगळं ओढतं कोण, तर एका न दिसणाऱ्या भोकातून आलेलं धुकं. मला तेव्हा पोटातल्याचीच आठवण झाली. तेही माझ्यात कुठल्याशा बारीक वाटेने घोट घोट घेत होतं, वाढत होतं, आणि कधीकधी बराच वेळ हलत नसे. मी निजल्या निजल्या वाट बघायची. हलायचं, मग मी कूस बदलायची. देवाने जगातली मोठी कामं इतक्या बारीक वाटांवर का सोपवली असतील, असं वाटून मला भीती वाटायची, आणि त्या भीतीत एक प्रकारचा नमस्कारही असायचा. मी देवभोळी नाही. तरी तो नमस्कार खराच होता.

ठसका सापडला तो एका रविवारी सकाळी, अगदी साध्या कारणाने. रसूलभाई कार्बोरेटरमध्ये साचलेलं पेट्रोल नेहमी एका काळ्या पडलेल्या डबड्यात काढत आणि मातीवर फेकत. त्या दिवशी ते डबडं कुणीतरी चुलवणाकडे नेलेलं. गुऱ्हाळावर येणाऱ्या-जाणाऱ्याला रस द्यायला काचेचे पेले असत. त्यातला एक कडेचा टवका उडालेला पेला आत्याबाईंनी नाक मुरडत पुढे केला. "घ्या ह्यो. पर परत घरात आनू नगा."

रसूलभाईंनी त्यात पेट्रोल काढलं आणि पेला चाकाजवळच्या दगडावर ठेवला. कोवळं ऊन त्यातून आरपार जात होतं. मी बाजेवरून बघत होते, आणि मला त्यात काहीतरी हलताना दिसलं. घाण नव्हे, गंज नव्हे. पांढरट, केसाहून बारीक, एकमेकांत अडकलेलं असं काही, जे हळूहळू खाली बसत होतं.

"रसूलभाई, ते बघा काय आहे."

त्यांनी पेला उन्हात धरला. हलवला. खाली बसलेलं ते वर उठलं, तरंगलं, पुन्हा खाली निघालं. त्यांनी आगकाडीच्या टोकाने ते उचललं आणि बोटावर घासलं. "कापूस," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा असा झाला, जणू काळी त्यांच्याशी मराठीत बोलली होती. "गाडीत कापूस कुठनं येनार?"

त्यांनी मग आम्हाला समजावलं, आणि बोलता बोलता त्यांना स्वतःलाही उमगत गेलं. गाडी जागेवर असते तेव्हा पेट्रोलची ओढ कमी. तंतू तळाला पडून राहतात. पाय दाबला की पेट्रोल जोरात ओढलं जातं, त्याबरोबर हा झुपका उठतो आणि नेमका त्या नेढ्यावर जाऊन बसतो. गाडी मेली की ओढ थांबते, झुपका गळून पडतो, म्हणून नंतर सगळं ठीक. "अन् मी खोलायचो तवा मातीत फेकायचो," ते म्हणाले. "दिसनार कसं?"

"पण आला कुठून?" मी विचारलं.

मामंजी पायरीवर उभे होते. ते हळूच म्हणाले, "आमी तर गाळून घालतो."

मग सगळ्यांचं लक्ष दोरीवर गेलं. पेट्रोल गाळायचं फडकं तिथे धुऊन वाळत घातलेलं होतं. आत्याबाईंचं जुनं लुगडं, धुऊन धुऊन सायीसारखं मऊ झालेलं. त्याच लुगड्याच्या उरलेल्या भागाची बाळासाठी दुपटी शिवायची ठरलेली. जितकं मऊ तितकं चांगलं, असं मामंजींना वाटलं होतं, आणि जितके पदर जास्त तितकं शुद्ध. पण विरलेलं सुती कापड प्रत्येक वेळी आपले थोडे तंतू सोडतं. ऑईल इंजिनाला डिझेलसाठी जाडजूड गाळणी असते, तिने इतकी वर्षं ते मुकाट्याने धरून ठेवले. काळीच्या पेट्रोल गाळणाऱ्या जाळीला मात्र त्या हंगामात कडेला फट पडलेली. त्यामुळे ठसका वाढला की मामंजी आणखी जपून गाळत, आणि आणखी जपून गाळलं की ठसका वाढे.

रसूलभाईंना हसू आलं, पण मामंजींकडे बघून ते गिळलं त्यांनी. मामंजी चुलवणाकडे गेले आणि जाळाकडे बघत बसून राहिले. ह्यांनी काहिलीतला पाक दाखवायला हाक मारली, तरी त्यांनी मान वर केली नाही. शेवटी आत्याबाईच जाऊन शेजारी बसल्या. मी पेला हातात घेऊन ते बघत होते, आणि माझे डोळे भरून आले. माझ्या सासऱ्यांनी मला कधी 'कशी आहेस' असं विचारलं नव्हतं. त्या पिढीत सासरे सुनेला विचारत नसत. पण त्यांनी मला वाचवण्यासाठी रोज चौपदरी घडी धरली होती, आणि तेच काळीच्या घशात अडकलं होतं. इतकं प्रेम मी एका जागी कधी पाहिलं नव्हतं. त्याचा राग येणं मला तरी जमलं नसतं.

थोड्या वेळाने मामंजी परत आले आणि रसूलभाईंना म्हणाले, "तर आता गाळायचं कशातनं?" गाळणं सोडायचं, हे त्यांच्या डोक्यातच येत नव्हतं. रसूलभाईंनी नरसाळ्याच्या तोंडाला बारीक पितळी जाळी डाग देऊन बसवून दिली. टाकी उपसली, धुतली, नळ्या साफ केल्या, काळीची फाटकी जाळीही बदलली. आणि मग पाटाच्या भरावावरचा चढ, जिथे ती हमखास अडायची, तिथे मामंजींनी गाडी नेली. आम्ही सगळे खाली उभे. त्यांनी पाय दाबला. काळी पुढे झेपावली, धुरळा उडवत भरावावर गेली, आणि मामंजींचा फेटा एका बाजूला कलला. पलीकडे जाऊन त्यांनी भोंगा वाजवला. गुऱ्हाळावरची माणसं ओरडली. मला वाटतं, आयुष्यात एवढं मोठं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं, आणि दिसायला तर फक्त एक जुनी गाडी एक चढ चढली होती.

कळा आल्या त्या ठरल्या वेळेच्या आधीच, सकाळी, दूध तापत असताना. आम्ही नगरला राहायला जायची तयारीसुद्धा अजून व्हायची होती. आत्याबाईंनी गाठोडं उचललं. ह्यांनी काहील दुसऱ्यावर सोपवली आणि पुढे मामंजींच्या शेजारी बसले. राहुरीपर्यंत रस्ता उसाच्या बैलगाड्यांनी भरलेला. एकेका गाडीला मागे टाकताना मामंजी पाय दाबत, आणि मी आत्याबाईंचा हात. कळ येण्याच्या आधी मी इंजिनाकडे कान लावी, कळ ओसरली की पुन्हा इंजिनाकडे. ती प्रत्येक वेळी लगेच उत्तर देत होती. विळदच्या घाटात मामंजींनी मान न वळवता विचारलं, "सूनबाई, बरं हाय का?" पहिल्यांदाच. मी "हो" म्हटलं. काळी चढत राहिली. बाहेर माळावर ज्वारी पिवळी पडली होती, आणि वेदनेच्या मधल्या मोकळ्या जागेत मला ती फार सुंदर दिसली.

दवाखान्यात मला लगेच आत नेलं. डॉक्टरीणबाईंनी हात लावून पाहिलं आणि चेहरा गंभीर केला. पोट उघडावं लागणार होतं. पहिल्या खेपेचं सगळं मला आठवलं, आणि मी घाबरले, खूप घाबरले. तोंडावर मास्क आला. उग्र गोड वास. खिडकी उघडी होती, आणि बाहेरच्या आवारातून काळीचा आवाज येत होता, संथ, अखंड, जागेवर उभी असतानाचा तो गोड आवाज. मामंजींनी इंजिन बंद का केलं नाही, असा विचार मनात आला. पण मला तो आवाज हवाच होता. मी त्याला धरून राहिले, धरून राहिले, आणि मग काहीच राहिलं नाही.

जाग आली तेव्हा छताला पंखा होता, घसा कोरडा होता, आणि खिडकीतून काही ऐकू येत नव्हतं. मी कान देऊन पाहिलं. खरंच काही नव्हतं. इंजिन थांबलं होतं. मूल कुठे आहे, हे विचारायची हिंमतच नव्हती. मी आत्याबाईंना विचारलं ते एवढंच,

"काळी बंद पडली?"

"पडली न्हाई गं," आत्याबाई म्हणाल्या. "तुझ्या मामंजींनी सोता बंद केली. वाचमन कावला, तुझ्या नवऱ्यानं सांगून बघितलं, तरी हे डबड्यानं तिला पानी पाजीत बसले पर बंद करंनात. म्हनले, सूनबाई आत हाय तवर हिला थांबू द्यायची न्हाई. मंग खिडकीतनं पोरीचं रडनं आलं, ते ऐकलं, अन् तवा कुठं चावी फिरवली."

मला मुलगी झाली, हे मला असं कळलं.